उपवास, मधुमेह आणि चौरागड

महाशिवरात्रीला तुमसर परिसरातूनही भाविक पचमढीच्या चौरागडला महादेवाच्या दर्शनाला जातात. खांद्यावर त्रिशूळ, दिवसभराचा उपवास आणि समोर सुमारे १३०० पायऱ्या. अशा वेळी मधुमेही माणसाला रोजचीच गोळी घातक ठरू शकते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चढल्यास रक्तातील साखर ७०च्या खाली घसरते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळतो. सोबतच्यांना तो थकवा किंवा अंगात आल्यासारखे वाटते. शुद्धीवर असेल तर त्याला बसवून लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात हलवा. निघण्यापूर्वी गोळीची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. साखर उपवासालाही चालते.