महासंगणक आला, स्मृतीचे अंतर कोण मोजणार?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. कोलकात्याचे यंत्र सॉल्ट लेकमधील सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात, मी राहतो त्या बागबाजारापासून काही किलोमीटरांवर आहे. बातम्यांनी वेग मोजला. मला बोलायचे आहे ते यंत्राच्या आतील अंतराबद्दल.

सी-डॅकने घडवलेल्या ‘रुद्र’ सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाशेजारी त्याची स्वतःची मेमरी असते. अशा प्रत्येक जोडीला लिनक्स ‘नोड’ म्हणते. हे नोड म्हणजे हुगळीचे दोन काठ समजा. कचेरी बागबाजारात आणि दप्तर हावड्यात असेल, तर प्रत्येक कागदासाठी नदी ओलांडावी लागेल. काम होईल, पण दिवस प्रवासात जाईल.

लिनक्सचे कर्नल या अंतराची नोंद ठेवते. यंत्र सुरू होताना फर्मवेअर त्याला अंतरांचा तक्ता देते. त्यात स्वतःच्या नोडचे अंतर १० धरतात, पलीकडच्याचे अधिक. मेमरीचे पान ज्या प्रोसेसरने प्रथम हाताळले, त्याच्याच नोडवर ते शक्यतो ठेवले जाते. शिवाय २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून कर्नल अधूनमधून काही पानांची वाट मुद्दाम अडवू शकते. प्रोग्राम तेथे अडखळला की मागणी कोणत्या नोडवरून आली ते कळते. मग पान तिकडे हलवता येते.

तरीही कर्नल सर्वज्ञ नाही. एकाच थ्रेडने संपूर्ण अ‍ॅरे शून्याने भरला, तर जागा असेतो सारी पाने एकाच काठावर गोळा होतात आणि पलीकडचे कोअर पुलावर ताटकळतात. प्रत्येक थ्रेडने आपापला भाग स्वतः भरला, तर ही कोंडी बहुतांशी टळते. बदल दोन-चार ओळींचाच असतो.

हे अभियंत्यांचे काम, असे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणेल. परंतु पहिला स्पर्श कोणाचा, हे त्याच्याच प्रोग्राममध्ये ठरते. म्हणून माझे मत असे: महासंगणकावर वेळ देण्यापूर्वी अर्जदाराकडून मेमरीच्या वाटणीचा अहवाल मागावा. त्यासाठी ‘नुमास्टॅट’सारखी साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. आणि हा विषय पदव्युत्तर अभ्यासक्रमात यावा. जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या यंत्राचे तास पुलावर वाया जाणे परवडणारे नाही.

तुमच्या विभागात हे शिकवले जाते का? अनुभव अवश्य लिहा.