विश्लेषण : बेरीज-वजाबाकी येते, मग शाब्दिक उदाहरण का अडते?

‘रमेशकडे १२ गोट्या आहेत. त्या सुरेशच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर सुरेशकडे किती गोट्या?’ तिसरी-चौथीच्या वर्गात हे उदाहरण फळ्यावर लिहिले की काही हात ‘१७’ म्हणत वर जातातच. हीच मुले बारातून पाच गेले किती, असे विचारले तर तोंडी ‘सात’ म्हणतात. म्हणजे आकडेमोड पक्की आहे. ‘जास्त’ हा शब्द दिसला आणि बेरीज झाली, एवढेच घडले. जळगाव-धुळ्यातील शाळा याला अपवाद नाहीत. पण शाब्दिक उदाहरणांसाठी भारतात सर्वाधिक गाजलेला ग्रंथ ‘लीलावती’, आणि त्याच्या कर्त्याचे नाव सांगणारा शिलालेख आहे चाळीसगाव तालुक्यात. त्यामुळे या प्रश्नाची चर्चा खानदेशातून सुरू करणे वावगे ठरू नये.

चूक नेमकी कुठे होते?

मराठीत गणिताची क्रिया बऱ्याचदा एखाद्या प्रत्ययात दडलेली असते. ‘२० ला ५ ने भागा’ यातील ‘ला’ आणि ‘ने’ यांची अदलाबदल केली तर उत्तर पार बदलते. ‘५ ने जास्त’ म्हणजे बेरीज किंवा वजाबाकी, ‘५ पट’ म्हणजे गुणाकार किंवा भागाकार. ‘पाच मुलांना २० केळी दिली’ आणि ‘पाच मुलांना प्रत्येकी २० केळी दिली’ या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे, केळ्यांचा मात्र ८० चा. हे सारे वाचनाचे काम आहे. ते गणिताच्या तासाला शिकवले जात नाही, कारण ते भाषेचे मानले जाते. भाषेच्या तासालाही शिकवले जात नाही, कारण तिथे आकडे नसतात.

त्यावर शोधलेला झटपट उपाय म्हणजे खुणेचे शब्द. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की गुणाकार किंवा भागाकार. शिकवणीवर्गांत आणि मार्गदर्शक पुस्तकांत ही यादी पाठ करून घेतली जाते. पहिली-दुसरीत ती चालूनही जाते. पुढे मात्र रावेर-यावलकडचे साधे उदाहरण घ्या: एका घडाला ९ फण्या, प्रत्येक फणीत १४ केळी, तर घडात एकूण केळी किती? खुणेवर विसंबलेला मुलगा ९ आणि १४ मिळवून २३ सांगतो. केळीच्या बागेत वाढलेल्या पोरानेही घडाला २३ केळी सांगावीत, हे खरे तर धक्कादायक आहे. उत्तर १२६ येते. पण उत्तर खरे वाटते का, हे तपासण्याची सवयच त्याला लागलेली नसते.

ही सवय मोडणे किती अवघड असते, हे फ्रान्समधील ग्रेनोबलच्या गणित अध्यापन संशोधकांनी १९७९ च्या सुमारास दाखवले. त्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची आकडेमोड करून वय सांगितले. मुले मंद नव्हती. गणिताच्या वहीत आलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघते, हा शाळेचा अलिखित नियम ती पाळत होती.

अहिराणी घरातल्या मुलाचे काय?

धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या पश्चिम भागात अनेक मुलांची घरची भाषा अहिराणी. भुसावळ-यावल पट्ट्यात लेवा गणबोली. शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्याकडच्या पाड्यांवर पावरी आणि भिल्ली. अहिराणी मूल घरी ‘कितला?’ विचारते, ‘बठा’ म्हणते. पुस्तकात त्याला ‘एकूण’, ‘उर्वरित’, ‘अनुक्रमे’ असे शब्द भेटतात. ‘अनुक्रमे’ तर प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरातही कोणी वापरत नाही. मुलाला भागाकार येत असतो. अडते ते शब्दाशी, आणि प्रगतिपुस्तकात शेरा पडतो ‘गणितात कच्चा’.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असे संख्यावाचन आले, तेव्हा विधिमंडळापासून कट्ट्यापर्यंत वाद रंगला. संख्यांच्या नावांवर एवढी चर्चा करणाऱ्या राज्याने उदाहरणातील वाक्यांवर त्याच्या दशांशानेही केलेली नाही.

यावर आक्षेप असा, की परीक्षा प्रमाण मराठीत आहे, मग बोलीत शिकवून काय साधणार? आक्षेप रास्त आहे. ‘प्रत्येकी’ हा शब्द मुलाला आज ना उद्या शिकावाच लागेल. पण तो उदाहरण समजल्यानंतर शिकता येतो. आधी शब्दाची भिंत उभी केली तर मूल उदाहरणापर्यंत पोहोचतच नाही.

पाटणचा शिलालेख काय सांगतो?

चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर पाटणादेवी आहे. तिथल्या पाटण गावातील शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्याने मठ स्थापन केला आणि १२०७ मध्ये त्या मठाला दान मिळाले, अशी ही नोंद आहे. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत असून, पाटणच्या बाजारात विक्रीला येणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा वाटा मठाला दिल्याचे त्यात म्हटले आहे. गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालत होती तर! भास्कराचार्यांचे गाव विज्जडविड म्हणजे नेमके कोणते, यावर मतभेद आहेत. पाटणशी असलेले त्यांच्या घराण्याचे नाते मात्र दगडावर कोरलेले आहे.

११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त भुंगे, हंस, मोर, तुटलेला मोत्यांचा हार अशी उदाहरणे आहेत. त्यातील एक असे: कमळांच्या राशीचा तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली ६ कमळे गुरूंना दिली, तर कमळे किती? समीकरण न मांडता हे सोडवण्याची रीत म्हणजे ‘इष्टकर्म’. सोयीची कोणतीही संख्या धरायची. समजा ६०. मग २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ गेली, उरली ३. आपल्याला हवीत ६, म्हणजे दुप्पट. म्हणून कमळे १२०. सहावीतल्या मुलाला हे जमते आणि आवडतेही.

पण इथे एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. ‘चौथा भाग’ कशाचा? मूळ राशीचा की उरलेल्या कमळांचा? भास्कराचार्यांना हा घोळ ठाऊक होता. उरलेल्याचा भाग घ्यायचा अशा उदाहरणांना त्यांनी ‘शेषजाती’ हे वेगळे नाव दिले. यात्रेकरूने निम्मे धन प्रयागला, उरलेल्याचे २/९ काशीला, त्यातून उरलेल्याचा चौथा भाग वाटेतील करात आणि पुन्हा उरलेल्याचे ६/१० गयेला खर्चले, शिल्लक ६३ निष्क. तर तो ५४० निष्क घेऊन निघाला होता. उदाहरणांची वर्गवारी त्यांनी खुणेच्या शब्दांवरून केली नाही, कशातून काय वजा होते यावरून केली.

बाजारात चालणारे गणित वहीत का अडते?

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अभ्यास कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर होता. गिऱ्हाइकाचा हिशेब मनात अचूक करणारी ही मुले पुस्तकी गणितात अडखळली. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचे उलटे झाले. वहीतले जमले, बाजारातले नाही. याचा अर्थ, उदाहरणात सफरचंदाऐवजी केळी लिहिली की काम झाले, असे समजण्याचे कारण नाही. संदर्भ ओळखीचा असूनही मुलाला तो आपला वाटला पाहिजे.

कापसाचे घ्या. समजा ३ क्विंटल ४० किलो कापूस ७,००० रुपये क्विंटलने विकला आणि व्यापाऱ्याने क्विंटलमागे २ किलो घट धरली. हाती २३,८०० ऐवजी २३,३२४ रुपये पडतात. हे ४७६ रुपये कुठे गेले, हे ज्याला पट्टीवरून कळत नाही, त्याचा तोटा दर हंगामात होतो. घरात शिकलेले एकच माणूस असेल आणि ते सातवीतले पोर असेल, तर पट्टी त्याच्याच हातात येते.

वर्गात काय बदलता येईल?

खुणेच्या शब्दांची यादी आधी बंद करावी लागेल. त्याऐवजी उदाहरण आकड्यांशिवाय सांगायचे: काही गोट्या रमेशकडे, त्याहून कमी सुरेशकडे, जास्त कोणाकडे? मुलाने ते घरच्या बोलीत परत सांगायचे, चित्र काढायचे आणि मगच आकडे घालायचे. एखादे उदाहरण मुलांनीच रचायचे. कधी उत्तर न निघणारे उदाहरणही द्यायचे, म्हणजे ‘माहिती पुरेशी नाही’ म्हणण्याचे धाडस येईल. यात वेळ जातो. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकदम सांभाळणाऱ्या शिक्षकाला दिवसाला दहा उदाहरणे सोडवून घेण्याची अपेक्षा ठेवली, तर तो खुणेच्या शब्दांकडेच वळणार. दहाऐवजी दोन उदाहरणांची मुभा त्याला अधिकाऱ्यांनी द्यायला हवी, आणि तपासणीत भरलेल्या वह्यांची पाने मोजणे थांबवायला हवे.

राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा पहिला पेपर प्रथम भाषा आणि गणित असा एकत्रच आहे. भाषेचे २५ प्रश्न आणि गणिताचे ५०. तयारी मात्र बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या तासांत, दोन वेगळ्या पुस्तकांतून होते.