वरून शुभ्र, आतून पोकळ

धर्मशिक्षणाच्या वर्गास येणारी एक आठ वर्षांची मुलगी शेंगदाणे एकाच बाजूने चावत असल्याचे परवा आमच्या लक्षात आले. तिच्या आईस आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फादर, दात तर पांढरेशुभ्र आहेत, कीड कुठेच दिसत नाही!" दाढेवर काळसर रेघ तेवढी होती. दंतवैद्यांनी क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले, तो आत मोठी पोकळी!

पालकहो, आपण 'कीड' म्हणतो खरे. पण दाढेत अळी नसते. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजविते, असे मिलर या अमेरिकन दंतवैद्यांनी १८९० साली मांडले. किडलेल्या दातांतून 'स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स' हा जंतू क्लार्क यांनी १९२४ साली वेगळा काढला. तो साखरेपासून चिकट थर बनवून दातास घट्ट बिलगून राहतो.

दाढेवरील खाचा इतक्या अरुंद असतात की, ब्रशचा केसही आत जात नाही. तेथून आम्ल खाली उतरते. वरचे कवच कठीण, आतला थर त्याहून मऊ. म्हणून छप्पर शाबूत राहून घर आतून पोखरले जाते. तेथे लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतूही वाढतात. एके दिवशी घास चावताना छप्पर कोसळते आणि मग आपण म्हणतो, "दात एकाएकी किडला!"

"दुधाचे दात, पडणारच," असे म्हणून कित्येकजण स्वस्थ बसतात. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे येणारी दाढ कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही.

हे जंतू बाळ जन्मतः घेऊन येत नाही. बहुधा घरच्यांच्याच लाळेतून, उष्ट्या चमच्यातून, ते त्यास मिळतात. तेव्हा आईबापांनी प्रथम आपले दात सांभाळावेत. गोड खाणे जेवणाबरोबरच असावे. घडोघडी गोळ्या-बिस्किटे नकोत. सकाळी व निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत व त्यानंतर पाण्यावाचून काही देऊ नये. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रशवर मोठ्यांचा हात असावा.

मूल एका बाजूने चावू लागले, किंवा गार पाण्याने कळवळले, तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्यांकडे न्यावे. निरोगी दाढेच्या खाचा वेळीच बुजविताही येतात. त्या मुलीची दाढ वाचली. पण आणखी सहा महिने गेले असते तर ती वाचली असती, असे आम्हांस वाटत नाही.