चंद्र दाखविणारे पहिले आईबाप

अवसर्पिणीच्या पहिल्या आऱ्यात मनुष्याची उंची तीन कोस आणि आयुष्य तीन पल्योपम होते, हे पाठशाळेत गेलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक असते. एवढ्या प्रचंड देहाला तीन दिवसांआड घेतलेला, श्वेतांबर परंपरेनुसार तुरीच्या दाण्याएवढा आणि दिगंबर परंपरेनुसार बोराएवढा आहार पुरत असे, हेही मुले कौतुकाने सांगतात. ही महाकाय माणसे जन्मत कशी आणि वाढत कशी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

दिगंबर ग्रंथांनुसार भोगभूमीतील दांपत्याचे आयुष्य नऊ महिने उरले की स्त्रीला गर्भ राहतो. जन्मते ते जुळे, एक पुत्र व एक कन्या. त्याच क्षणी पित्याला शिंक येते, मातेला जांभई येते आणि दोघांचे देह शरद ऋतूतील ढगाप्रमाणे विरून जातात. वेदना नाही, शोकही नाही. मागे उरलेले युगल सात दिवस उताणे पडून अंगठा चोखते, पुढील सात दिवस रांगते, मग सात दिवस अडखळत चालते व बोबडे बोलते. नंतर पाऊल स्थिर होते, कला येतात, तारुण्य येते. एकोणपन्नास दिवसांत सारे पूर्ण. ‘तिलोयपण्णत्ति’ तर उत्तम भोगभूमीत प्रत्येक टप्प्याला तीनच दिवस देते. श्वेतांबर आगमांत मायबाप एकोणपन्नास दिवस अपत्यांचे पालन करून मग निघून जातात. हा भेद लहान नव्हे, कारण दिगंबर वर्णनातील त्या सुखी युगात आईला बाळ ठाऊकच नव्हते.

काळ उतरू लागला, कल्पवृक्ष क्षीण झाले, देह लहान झाले. आचार्य जिनसेनांच्या ‘आदिपुराणा’त चौदा कुलकरांची कथा येते. ती सामान्यतः ऱ्हासाची कथा म्हणून वाचली जाते. पण तिच्या उत्तरार्धात दुसरेच काही घडत असते. आठवे कुलकर चक्षुष्मान यांच्या काळी आईबापांना मरणापूर्वी क्षणभर अपत्यांची मुखे दिसली, आणि ते भयभीत झाले! हे कोण, असे विचारीत ते कुलकरांकडे धावले. ही तुमचीच संतती आहे, असे त्यांना समजावून सांगावे लागले. नववे यशस्वान यांच्या काळी तो क्षण थोडा लांबला आणि बाळाला आशीर्वाद देण्यापुरता अवधी मिळाला. दहावे अभिचंद्र यांच्या काळी आईबाप बाळाला कडेवर घेऊन चंद्र दाखवू लागले. आज अंगणात चांदोबा दाखविणाऱ्या आजीला आपली रीत एवढी जुनी असल्याची कल्पना नसेल. अकरावे चंद्राभ यांच्या वेळी मायबाप अपत्यांसह काही काळ जगू लागले.

सहवास वाढला तशी कष्टांची भरही पडली. तेरावे प्रसेनजित यांच्या काळी बाळे जरायूने, म्हणजे वारेच्या पातळ आवरणाने, वेढलेली जन्मू लागली. ते कसे दूर करावे हे त्यांनी शिकविले. चौदाव्या कुलकरांच्या वेळी नाभीशी जोडलेली नाळ दिसू लागली. ती कापण्याची रीत त्यांनी घालून दिली, म्हणून त्यांचे नाव नाभिराज. त्यांची उंची ५२५ धनुष्ये होती. एक धनुष्य म्हणजे चार हात. तेव्हा सुईणीचे हे पहिले काम किती मोठ्या हातांनी झाले असेल!

मृत्यूही आता पूर्वीसारखा सौम्य उरला नाही. श्वेतांबर परंपरा सांगते की ताडवृक्षाखाली ठेवलेल्या एका युगलातील मुलाच्या मस्तकावर फळ पडले आणि तो गेला. तो पहिला अकालमृत्यू. एकटी उरलेली त्याची बहीण सुनंदा पुढे नाभिराजांकडे आणली गेली आणि ऋषभदेवांची पत्नी झाली.

त्याच परंपरेत ऋषभदेवांची माता मरुदेवी मुलाने दीक्षा घेतल्यावर वर्षानुवर्षे त्याच्या आठवणीने रडत राहिली. उन्हातान्हात तो काय खात असेल, कुठे निजत असेल, हाच तिचा घोर. रडून रडून तिच्या डोळ्यांवर पडळ आले. शेवटी नातू भरत तिला हत्तीवर बसवून समवसरणाकडे घेऊन गेला, तेव्हा आनंदाश्रूंनी ते पडळ धुऊन गेले आणि तिला आपल्या मुलाचे वैभव दिसले.