शर्यतीचा टायर आणि घरचा रस्ता
जर्मनीतील नुरबुर्गरिंगचा, १९२७ साली खुला झालेला सुमारे २१ किलोमीटरचा शर्यतमार्ग आजही ठरावीक दिवशी शुल्क भरणाऱ्या कोणाही मोटारचालकास मोकळा असतो. ज्या टायरांवर तेथे वेगाची हौस फेडायची त्यांच्यावरच घरी परतायचे, हा खरा पेच. शर्यतीच्या धाटणीचे, कमी खाचांचे मऊ रबर तापल्यावर कोरड्या डांबरास घट्ट धरते. परंतु थंड असता त्याची पकड ढिली, आणि पावसात पाण्याचा निचरा न झाल्याने मोटार तरंगू लागते. तेथील आयफेल डोंगरातला पाऊस काही पंचांग पाहून येत नाही! तरीही हौशी मंडळी फेरीची वेळ पाहूनच टायर निवडतात. परतीच्या वाटेवर समोरून येणाऱ्याने मात्र कोणतीही शर्यत लावलेली नसते. चाकांचा दुसरा संच परवडत नसल्यास फेरीमागे काही सेकंद गमवावेत व ओल्या रस्त्यास धरून राहणारा टायर घ्यावा.