घाईचं मोजमाप

‘मुलाला थेट इंग्रजीत टाका, वर्षभरात फाडफाड बोलू लागेल.’ अमेरिकेतल्या भाषावादाचा हा जुना पूर्वपक्ष. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याचा कायदाच केला. ‘प्रपोझिशन २२७’ने द्विभाषिक वर्ग बहुतेक ठिकाणी मोडीत काढले आणि इंग्रजी न येणाऱ्या मुलांना साधारण एक वर्ष खास इंग्रजी वर्गात बसवून मग सर्वांबरोबर सोडायचं ठरवलं. लगेचच परीक्षांचे गुण वाढले आणि समर्थकांनी गुलाल उधळला.

गुण वाढले हे खरंच. पण खास परवानगी काढून जिथे द्विभाषिक वर्ग चालू राहिले तिथेही ते वाढले, आणि घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांचेही वाढले. मग श्रेय कायद्याचं कसं? २००६ साली, राज्यानेच करवून घेतलेल्या पाहणीत, एकच पद्धत सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. सापडलं ते वेगळंच. दहा वर्षं शाळेत काढूनही ‘इंग्रजी येते’ असा शिक्का मिळण्याची शक्यता ४० टक्क्यांहून कमी! एका वर्षाची भाषा करणारे यावर काय म्हणणार?

घोटाळा बोलण्यामुळे होतो. मधल्या सुट्टीत इंग्रजीत भांडणारं पोर बघून आईबाप आणि मुख्याध्यापक दोघेही निर्धास्त होतात. तेच पोर गणिताच्या तासाला ‘पहिल्या बरणीत दुसरीपेक्षा किती गोळ्या कमी?’ या उदाहरणापाशी अडतं, दोन आकडे दिसले म्हणून बेरीज करून मोकळं होतं. वजाबाकी त्याला येते, पण वाक्य सुटत नाही. पुस्तकातली ही इंग्रजी अंगवळणी पडायला चार ते सात वर्षं लागतात, असं अभ्यासक सांगत आले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त फसवा. ‘इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाचे गुण वर्षानुवर्षं खालीच, म्हणजे कार्यक्रम कुचकामी.’ अहो, ज्याला इंग्रजी आली तो गटातून बाहेर पडतो आणि त्याच्या जागी नवा येतो. बरे झालेले रोगी घरी पाठवायचे आणि खाटांवर उरलेल्यांकडे बोट दाखवून दवाखाना वाईट ठरवायचा, तसला हा न्याय. मोजायचं तर एकाच वर्षी दाखल झालेली मुलं धरा आणि ती गटाबाहेर पडल्यावरही त्यांचा माग ठेवा. २०१५च्या केंद्रीय कायद्याने बाहेर पडलेल्यांची प्रगती चार वर्षं नोंदवायला लावली, तेवढं शहाणपण आलं.

माग ठेवला की निकाल कसा फिरतो, ते स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं. लॅटिनो मुलांमध्ये द्विभाषिक वर्गातली मुलं प्राथमिक शाळेत मागे दिसली. माध्यमिक शिक्षण संपेपर्यंत मात्र इंग्रजीचा शिक्का मिळवणाऱ्यांत त्यांचंच प्रमाण जास्त ठरलं. पाचवीत मोजणारा म्हणेल वर्ग बंद करा, बारावीत मोजणारा म्हणेल वाढवा.

द्विभाषिकवाल्यांनीही हुरळून जाऊ नये. दारावर पाटी लावली की काम झालं, असं नाही. द्विभाषिक शिक्षणावरून चाललेल्या १९८१ च्या कास्तान्येदा खटल्यात न्यायालयाने तीन कसोट्या घातल्या. पद्धतीला शास्त्राचा आधार हवा, तिच्यासाठी शिक्षक आणि साधनं खरोखर हवीत, आणि काही काळाने मुलांची अडचण दूर झालेली दिसली पाहिजे. तिसरीला दोन्ही पक्ष बगल देतात. २०१६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २२७ बहुतांशी गुंडाळला, पण तपासणीची सवय काही मतदानाने लागत नाही.

या प्रश्नात अमेरिकेतली आपली मराठी मंडळीही आहेत. प्रवेश अर्जात विचारतात: मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोललं? घरी जास्त काय बोलतं? तुम्ही त्याच्याशी कशात बोलता? ‘मराठी’ लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. म्हणून जुने लोक नव्यांना सल्ला देतात, ‘सरळ इंग्लिश लिहून टाक, नाहीतर पोराला वर्गातून उठवून नेतात.’ भीती अगदीच निराधार नाही. वेगळ्या तासाला नेलेल्या मुलाचा विज्ञानाचा धडा बुडतो, आणि ‘इंग्रजी येते’ हा शिक्का वर्षानुवर्षं मिळाला नाही तर ऐच्छिक विषयही हातचे जातात. पण हा दोष वेळापत्रकाचा. मदतनीस शिक्षकाला वर्गातच आणून बसवा, ही मागणी शाळेकडे करायला हवी. अर्जावर खोटं लिहून ती कशी होणार? जाब विचारू शकणारे शिकलेले आईबाप असे निसटले, की मागे उरतात ते रात्रपाळी करणारे, ज्यांना शाळेत यायलाच सवड नाही.

कॅलिफोर्नियाच्या ज्या शाळेत इंग्रजी शिकणारी २१ किंवा त्याहून जास्त मुलं असतात, तिथे पालकांची सल्लागार समिती नेमणं बंधनकारक आहे. पाच वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्यांपैकी किती बाहेर पडले आणि आज गणितात कुठे आहेत, हे तिथे विचारता येतं. दिवाळीचा स्टॉल लावायला आपण त्याच शाळेत हौसेने जातो. समितीच्या बैठकीची तारीख मात्र कितीजणांना ठाऊक असते?