इनुइट कला : परंपरा कोणाची, आग्रह कोणाचा?

एस्किमो म्हटले की शालेय भूगोलाच्या पुस्तकातील एक चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते : बर्फाचे घुमटाकार घर, कुत्र्यांची घसरगाडी आणि हातात भाला घेऊन सीलची वाट पाहणारा शिकारी. कॅनडातील हे लोक स्वतःला ‘इनुइट’ म्हणजे ‘माणसे’ म्हणवितात. परक्यांनी दिलेले जुने नाव त्यांनी टाकून दिले आहे. नाव बदलले, चित्र मात्र कायम राहिले. दूरच्या कलाप्रेमींनी ते इतके उराशी धरले की, एखाद्या इनुइट चित्रकाराने घुबडाऐवजी विमान काढले, तर ‘ही खरी इनुइट कला नव्हे’ असे म्हणावयास ते कचरले नाहीत. या वृत्तीत कौतुक आहे, तसाच अन्यायही आहे. तो कोणता, हे समजण्यासाठी ही कला जन्मली कशी हे पाहिले पाहिजे.

उत्तर ध्रुववृत्तातील लोकांना कारागिरी नवी नाही. अलास्काजवळील अल्यूट शिकारी लाकूड वाफेवर वाकवून त्याच्या रंगीत टोप्या करीत आणि त्या घालून समुद्रात शिकारीला जात. सागरी प्राण्यांच्या आतड्यांपासून शिवलेले जलाभेद्य अंगरखे हे तेथील स्त्रियांच्या सुईचे वैभव होते. बाफिन बेटाजवळील केप डॉर्सेट येथून मिळालेल्या वस्तूंवरून डायमंड जेनेस यांनी १९२५ साली इनुइटांच्याही आधीची एक संस्कृती ओळखली. तिचे लोक वॉलरसच्या सुळ्यातून चिमुकली अस्वले कोरीत. परंतु या साऱ्या वस्तू वापरण्याच्या, खेळण्याच्या वा ताईत म्हणून बाळगण्याच्या होत्या. सतत फिरत्या माणसाला भिंत नव्हती, मग भिंतीवरचे चित्र कोठून असणार?

आज संग्रहालयांत जी ‘इनुइट कला’ दिसते, ती याहून निराळी आणि फार अलीकडची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पांढऱ्या खोकडाच्या कातड्याचे भाव कोसळले आणि त्या व्यापारावर विसंबलेल्या कुटुंबांची उपासमार होऊ लागली. याच सुमारास जेम्स ह्यूस्टन हे तरुण चित्रकार १९४८ साली हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील इनुकजुआक येथे गेले. त्यांनी आणलेल्या दगडी शिल्पांचे पुढील वर्षी माँट्रिऑलमध्ये प्रदर्शन झाले आणि सारी शिल्पे तीन दिवसांत विकली गेली. सरकारलाही या उद्योगात उपजीविकेचे साधन दिसले. पुढे ह्यूस्टन जपानला जाऊन उनइची हिरात्सुका यांच्याकडे मुद्राचित्रणाचे तंत्र शिकले, आणि १९५९ साली केप डॉर्सेटच्या मुद्राचित्रांचा पहिला संच विक्रीस आला. चित्र एकाने काढावे, दगडात दुसऱ्याने कोरावे आणि जपानी कागदावर छापावे, अशी ही पद्धत. तिची व्यवस्था इनुइटांच्याच सहकारी संस्थेने पाहिली.

म्हणजे, जी मुद्राचित्रे अनादि परंपरेची खूण म्हणून दिवाणखान्यांत टांगली गेली, त्यांचे तंत्र जपानचे, कागद जपानचा आणि गरज विसाव्या शतकातील उपासमारीची! यामुळे ती खोटी ठरत नाहीत. केनोजुआक आशेवाक यांचे १९६० सालचे ‘मंत्रमुग्ध घुबड’ पाहिले की, पिसांच्या त्या उसळत्या किरणांत अस्सल प्रतिभेचा प्रत्यय येतो. कॅनडाने १९७० साली हे चित्र टपाल तिकिटावर छापले. पण याच काळात सरकारदरबारी या थोर स्त्रीची ओळख ‘ई ७-१०३५’ अशी होती. इनुइट नावे उच्चारता वा नोंदता येत नाहीत म्हणून १९४१ पासून प्रत्येकाला क्रमांकाची चकती देण्यात आली होती, आणि सत्तरीच्या दशकापर्यंत ही पद्धत टिकली. चित्र ओळखीचे, चित्रकार मात्र क्रमांक, असा हा व्यवहार होता.

काय काढावे, याविषयीची दक्षिणेची अपेक्षाही प्रारंभापासून स्पष्ट होती. कोणत्या वस्तू कराव्यात हे चित्रांनिशी सांगणारी एक पुस्तिका १९५१ मध्येच उत्तरेत वाटली गेली. मुद्राचित्रांचे संच बाजारात येण्यापूर्वी ते तपासणारी समिती १९६१ साली नेमली गेली आणि १९८९ पर्यंत तिचा कारभार चालला. हेतू दर्जा राखण्याचा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु दर्जा ठरविणाऱ्यांच्या मनातही तेच भूगोलाचे चित्र असेल, तर चाळणीतून काय खाली पडेल हे सांगावयास नको. तरीही पुडलो पुडलाट यांनी हट्टाने विमाने काढली, कारण त्यांच्या वस्तीवर विमाने खरोखरच उतरत होती.

या हट्टाला पूर्ण अर्थ दिला तो ॲनी पुटूगुक यांनी. त्यांची आजी पिट्सेओलाक आशूना वैधव्यानंतर मुलांच्या पोटासाठी चित्रांकडे वळल्या होत्या. आई नापाची याही चित्रकार. आजीने हिमावरील जुने जीवन आठवून काढले. नातीने डोळ्यांसमोरचे काढले : स्वयंपाकघर, दूरचित्रवाणी पाहणारे कुटुंब, दुकानातील गोठविलेल्या अन्नाची कपाटे, दारू आणि पत्नीला मारहाण करणारा पुरुष. रंगीत पेन्सिलींच्या या शांत चित्रांत तक्रारीचा सूर नाही. म्हणूनच ती अधिक बोचतात. २००६ साली त्यांना पन्नास हजार डॉलरचा सोबी पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी त्यांची चित्रे जर्मनीतील कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात लागली. मात्र ओटावा शहरात गरिबीत दिवस काढून २०१६ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा करुण अंत झाला. त्यांनी काढलेले दुःख कल्पित नव्हते.

ग्राहकांच्या अपेक्षा पाळल्या म्हणूनच ही कला जगली, असा आक्षेप यावर घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. या विक्रीवर अनेक घरच्या चुली पेटल्या. शिवाय अस्वल कोरणारा प्रत्येक कारागीर बाजारापुढे नमतो, असे समजणे हाही त्याचा अपमानच. निवासी शाळांत मुलांची भाषा हिरावली गेली, त्या समाजात जुनी कथा दगडात उतरविणे म्हणजे स्मृती राखणेच होय. प्रश्न अस्वल की विमान हा नाहीच. तो निवड कोणी करावी हा आहे. आपण पॅरिसच्या चित्रकाराला पूर्वजांचे कपडे घालावयास सांगत नाही. मग इनुइट चित्रकारानेच आपल्या काळाबाहेर का राहावे?

आदराची दुसरी कसोटी पैशाची आहे. ‘मंत्रमुग्ध घुबडा’च्या पन्नास प्रतींपैकी एक २०१८ साली लिलावात दोन लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलरना गेली. अशा पुनर्विक्रीत कलावंताला वा त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा फ्रान्सने १९२० सालीच केला. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने चित्र-शिल्पांच्या बाबतीत तसा हक्क मान्य झाला. कॅनडातील कलावंतांना मात्र या मागणीसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. वाणसामान दक्षिणेपेक्षा कित्येक पट महाग असलेल्या प्रदेशात या वाट्याचे मोल काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

चित्र पालटते आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अस्सल वस्तूंना १९५८ पासून लावले जाणारे ‘इग्लू’चे बोधचिन्ह सरकारकडून २०१७ साली इनुइट कला प्रतिष्ठानाच्या हाती आले. २०२० साली केप डॉर्सेटला ‘किनगाइट’ हे त्याचे मूळ नाव अधिकृतपणे परत मिळाले. जेमतेम चौदाशे वस्तीच्या या गावातील शुविनाय आशूना यांच्या चित्रांचा २०२२ च्या व्हेनिस प्रदर्शनात विशेष उल्लेखाने गौरव झाला. त्यांच्या चित्रांत तंबू व सील यांच्या शेजारी विचित्र जलचर आणि आख्खे पृथ्वीगोल सुखाने नांदतात. शुविनाय याही पिट्सेओलाक यांचीच नात. आजीने तगण्यासाठी नवे साधन हाती घेतले, नातींनी त्याच साधनाने आपला काळ मांडला. परंपरा म्हणावयाचे, तर ती हीच. परक्यांनी तिचे रक्षक होण्याची गरज नाही. समोरचे चित्र नीट पाहावे आणि त्याची रास्त किंमत द्यावी, इतके पुरे आहे.